स्पंज, वीज आणि मराठवाड्याचं सांडपाणी

सांडपाणी शुद्ध करण्याचा इतिहास जंतूंचा जितका, तितकाच विजेचाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधली शहरं मैलापाणी दगडांच्या थरावर शिंपडत. दगडांवर धरलेली जंतूंची साय घाण खाई आणि हवा आपोआप आत खेळे. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी पाण्यातच हवा फुंकण्याची रीत मांडली. जागा कमी लागू लागली, पण मोटारी अखंड चालणं भाग झालं. १९७०च्या दशकात नेदरलँड्सच्या लेटिंगांनी हवेवाचून चालणारी टाकी रूढ केली. १९९३ मध्ये जपानी कर्जातून सुरू झालेल्या यमुना कृती योजनेत ती अनेक ठिकाणी आली, मात्र तिच्यातलं पाणी पुरतं निवळत नसे. ही उणीव भरायला जपानच्या हिदेकी हारादांनी दगडांच्या जागी स्पंज टांगला. त्याच्या पोकळ्यांत जंतू दाटीनं राहतात, पाणी झिरपताना हवा शोषून घेतं, गाळही थोडा उरतो. हरियाणात कर्नालला दिवसाला १० लाख लिटरवर हा प्रयोग चालला.

हवा फुंकण्याचं वीजबिल पेलताना पालिकांची दमछाक होते, म्हणूनच हा वारसा नांदेड-लातूरच्या कामाचा आहे. पाण्याची टंचाईही तिथे मोठी: एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं लातूरला पाणी आणलं. ५० वाघिणींची मोठी फेरी २५ लाख लिटरची. २०११च्या जनगणनेतल्या ३.८ लाख लोकांत ती वाटली, तर माणशी साडेसहा लिटर. दुष्काळात नळच कोरडे, मग सांडपाणी येणार कुठून, हा आक्षेप खरा आहे. म्हणून सांडपाण्याचा पुनर्वापर सुकाळातच सुरू व्हायला हवा: कारखाने आणि शेतं शुद्ध सांडपाण्यावर चालली, तर मांजरा धरणातलं पाणी पिण्यासाठी राखता येईल. शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याजोगं नसतं; वापराआधी त्याचं निर्जंतुकीकरण करावंच लागेल. हवामान आड येईल ही शंका मात्र टिकत नाही. बिनहवेच्या टाकीला ऊब मानवते आणि मराठवाड्याचा हिवाळा हरियाणापेक्षा सौम्य असतो. सर्वांत वजनदार आक्षेप नांदेडचा: नाले थेट गोदावरीत जात असतील, तर शुद्धीकरण केंद्रातल्या स्पंजाचा उपयोग काय? गटारांचं जाळं पुरं करण्याला पर्याय नाही. मात्र जाळं बांधलं तरी पुढचा खर्च उरतोच, आणि शुद्धीकरण केंद्र बांधण्यासाठीच्या अनुदानातून दरमहाचं वीजबिल भागत नाही. त्यामुळे निविदेत उभारणीच्या किमतीशेजारी वीस वर्षांच्या विजेचा आकडाही मागायला हवा.