पॅरारेस्क्यू : आकाशातून उतरणारे जीवरक्षक

शत्रूच्या मुलखात किंवा दुर्गम प्रदेशात अडकलेल्या सैनिकांपर्यंत पोहोचून त्यांच्यावर उपचार करणाऱ्या व त्यांना सुखरूप परत आणणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या जवानांना ‘पॅरारेस्क्यू’ म्हणतात. ‘इतरांना जगता यावे म्हणून’ हे त्यांचे ब्रीद होय.

या दलाचे मूळ भारताच्या ईशान्य सीमेवर सापडते. ऑगस्ट १९४३मध्ये आसाममधील छाबुआ येथून चीनकडे निघालेले अमेरिकी विमान नागा टेकड्यांपलीकडे, ब्रह्मदेशाच्या सीमेलगत कोसळले. पत्रकार एरिक सेव्हराइड यांच्यासह वीस जण पॅराशूटने उतरून बचावले. त्यांत जखमीही होते. पण विमान उतरण्याजोगी जागा तेथे नव्हती. तेव्हा लष्करी डॉक्टर डॉन फ्लिकिंजर आणि दोन वैद्यकीय सहायकांनी पॅराशूटने उड्या घेतल्या. परतीची वाट पायीच तुडवावी लागणार, हे त्यांना ठाऊक होते. ब्रिटिश अधिकारी व नागा सोबत्यांच्या साहाय्याने अखेर सर्वजण मोकोकचुंगला पोहोचले. पुढे १९४७मध्ये अशा कामासाठी स्वतंत्र पथके उभी राहिली.

जखमीजवळ उतरलेल्याला परतीची खात्री नसते आणि दुसरा तज्ज्ञ हाताशी नसतो. म्हणूनच हे प्रशिक्षण सुमारे दोन वर्षे चालते. टेक्सासमधील लॅकलंड तळावर निवड होते. तलावात हातपाय बांधून तरंगणे, प्रशिक्षक अडथळे आणत असताना एकाच श्वासनळीतून दोघांनी आळीपाळीने श्वास घेणे अशा कसोट्यांमध्ये बहुसंख्य उमेदवार गळतात. त्यानंतर पॅराशूट उडी, उंचावरून मुक्तपतन, पाणबुडीविद्या आणि निर्जन प्रदेशात तग धरणे हे टप्पे येतात. आपत्कालीन वैद्यकीय उपचारांचे सखोल शिक्षण न्यू मेक्सिकोतील कर्टलंड तळावर दिले जाते. उत्तीर्ण जवानास किरमिजी टोपी मिळते.

या शिक्षणाची परीक्षा ११ एप्रिल १९६६ रोजी व्हिएतनाममध्ये झाली. विल्यम पिट्सनबार्गर हा २१ वर्षांचा जवान वेढ्यात सापडलेल्या पायदळाच्या मदतीस हेलिकॉप्टरमधून दोराने उतरला. त्याने नऊ जखमींना वर पाठवले. गोळीबारामुळे हेलिकॉप्टरला माघार घ्यावी लागली, तेव्हा स्वतः वर जाण्याऐवजी तो जखमींपाशीच राहिला आणि त्या लढाईत मारला गेला. २००० साली त्याला मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ देण्यात आले.

भारतीय हवाई दलात २००४ साली स्थापन झालेल्या ‘गरुड’ कमांडो दलाकडे इतर जबाबदाऱ्यांबरोबरच युद्धकालीन शोध व बचावाचे कामही सोपवलेले आहे.