मुंबई ते लंडन विमानाने किती अंतर, किती वेळ? तिकिटावरची वेळ अशी वाचा

गावोगावची पोरं आता शिकायला, नोकरीला लंडनपर्यंत जाऊ लागली आहेत. पोरगं विमानात बसलं की घरात एकच विचारणा सुरू होते, 'पोचलं का?' तिकीट बघावं तर वेळेचा हिशोब लागत नाही. तो असा लावायचा.

अंतर आणि वेळ

मुंबई ते लंडनचे हिथ्रो विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मोठे प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने उडते. नुसता भागाकार केला तर ८ तास येतात. पण चढ-उताराला वेळ जातो, रस्ताही सरळ नसतो. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास.

येताना कमी वेळ का?

पृथ्वी फिरते म्हणून, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खरं कारण वारा. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीमागून ढकलतो. एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली, तर वळसा पडून वेळ आणखी वाढतो.

तिकिटाचा हिशोब

तिकिटावर निघायची वेळ तिथली आणि पोचायची वेळ तिकडची असते. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे.

समजा, जानेवारीत विमान मुंबईहून रात्री २ ला निघून लंडनला सकाळी ६.३० ला पोचते. दिसायला साडेचार तास. त्यात साडेपाच मिळवा, प्रवास १० तासांचा. घरच्या घड्याळात तेव्हा दुपारचे १२ वाजलेले असतात. येतानाच्या तिकिटात हेच साडेपाच तास वजा करायचे.

तारखेचा घोळ टाळा

सर्वात मोठी चूक इथेच होते. तिकिटावर '१५ तारीख, ०२.००' असेल, तर १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर पाहिजे. १५ च्या रात्री गेलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेले असते आणि तिकिटाचे पैसेही बुडू शकतात. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचावे. गावाहून निघताना घाटातली, मुंबईतली वाहतूक धरून वेळ जास्तच ठेवा.

विमान उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान घ्यायला तास-दीड तास सहज जातो. तोवर फोन लागला नाही तरी घरच्यांनी घाबरू नये.