हे गाणं कुणाचं?



हळदीच्या मांडवात एखादं नवं गाणं वाजतं. चाल लगेच तोंडात बसते. शेजारणीला विचारावं, "अगं, हे गाणं कुणाचं?" तर ती म्हणते, "काय माहीत बाई, मोबाईलवर आलंय." आजच्या भाषणात आम्ही याच प्रश्नाचा माग काढणार आहोत. नवं गाणं गावात येतं कसं, ते आणतं कोण, आणि येता येता वाटेत गाणाऱ्या बाईचं नाव कुठं गळून पडतं?

सुरुवात जात्यापासून करू. गावात वीज नव्हती, रेडिओ नव्हता, तेव्हा बायकांमध्ये नवं गाणं कोण आणायचं? लग्न होऊन आलेली नवी सून. ती माहेरच्या ओव्या, पाळणे, हादग्याची आणि पंचमीच्या फेराची गाणी मनात घेऊन यायची. पहाटे जात्यावर समोरासमोर दोघी बसायच्या. एक ओवी सुरू करायची, दुसरी उचलायची. सासू, जाऊ, नणंद तिची चाल शिकायच्या, आणि ती माहेरपणाला गेली की सासरच्या ओव्या तिकडं पोचायच्या. शिकवणारी समोरच बसलेली असायची. त्यामुळं गाणं कुणाकडून आलं, हे वेगळं विचारावं लागत नसे.

पुढं पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचं दळण सुटलं. तो जाच गेला हे चांगलंच झालं, त्याबद्दल कुणाला हळहळ नको. पण दळणाबरोबर गाणं शिकायची जागाही गेली. हे ओळखून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1980 नंतरच्या दशकांत गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांच्या मदतीनं जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या, ध्वनिमुद्रित केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांनी ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गावही टिपून ठेवलं. नाहीतर 'लोकगीत' एवढा एकच शब्द लिहून मोकळं होता आलं असतं.

दुसरी वाट जत्रेची. जत्रेत तमाशाचा फड यायचा, तंबूतला सिनेमा यायचा, सिनेमाच्या गाण्यांच्या पातळ पुस्तिका विकायला यायच्या. विठाबाई नारायणगावकर यांच्यासारख्या कलावंतिणीचं तर नावच फडावर असायचं आणि त्या नावावर गर्दी जमायची. पण घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या बायकांना तमाशाला जायची मुभा नव्हती. लावणी त्यांच्यापर्यंत पोचली ती तबकडीवरून आणि रेडिओवरून. सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन लावणी गायच्या, आणि त्यांच्या आवाजातली लावणी माजघरात ऐकू आली. गाणं नव्हतं ते गाणं आणि आवाज नव्हता तो आवाज बायकांना असा यंत्रातून सापडला.

तिसरी वाट वरातीची. इंग्रजी फौजेतली पितळी वाद्यं हळूहळू आपल्या लग्नांत आली. शहरात नवा सिनेमा लागला की बँडवाले त्याचं गाणं क्लॅरिनेटवर बसवायचे. सिनेमा न पाहिलेल्या गावाला त्याची चाल वरातीत कळायची. मात्र बँडवर शब्द नसतात, म्हणून गाणं पोचलं तरी गाणारी पोचायची नाही.

आता यंत्राकडं वळू. 1902 साली कलकत्त्यात आपल्या देशातलं ग्रामोफोनचं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण झालं. त्यात गाणाऱ्यांमध्ये गौहर जान होत्या. तबकडी जेमतेम तीनेक मिनिटांची. तेवढ्यात गाणं संपवून शेवटी त्या इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना चिठ्ठीवर योग्य नाव छापता यावं, यासाठी ही सोय होती. त्या दोन शब्दांमुळं नाव गाण्याला कायमचं चिकटलं. आजही ती तबकडी वाजली की बाई स्वतः आपलं नाव सांगते.

सगळ्यांच्या वाट्याला हे आलं नाही. 1949 साली 'महल' नावाचा सिनेमा आला. त्यातलं एक गाणं रेडिओवर लागलं आणि लोक वेडे झाले. तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. खरं तर कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव. त्या काळी तशीच पद्धत होती. श्रोत्यांनी रेडिओला पत्रांवर पत्रं लिहिली, हा आवाज कुणाचा ते सांगा. रेडिओनं तबकडीच्या कंपनीकडं चौकशी केली आणि मग लोकांना कळलं, गाणारी लता मंगेशकर. मैत्रिणींनो, ज्या नावाला पुढं सारा देश ओळखू लागला, ते नाव सुरुवातीला तबकडीवर नव्हतं. श्रोत्यांनी विचारलं म्हणून ते बाहेर आलं.

रेडिओची गोष्ट इथंच संपत नाही. 1952 साली बाळकृष्ण केसकर देशाचे नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी हलकी, लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं, असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री अमीन सयानींचा आवाज आला की रेडिओभोवती गर्दी व्हायची. कोणतं गाणं कितव्या पायरीवर, हे ठरवताना तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पसंती पाहिली जायची. अखेर 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. फर्माईश पाठवणाऱ्यांमध्ये तेव्हाच्या बिहारमधलं झुमरी तलैया हे छोटं गाव इतकं पुढं होतं की त्याचं नाव देशभर झालं. एका पोस्टकार्डात केवढी ताकद असते, हे त्या गावानं दाखवून दिलं.

आकाशवाणीनं काही चांगलं दिलंच नाही, असं मात्र नव्हे. 1955 च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांची चाल. दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी वर्षभरात 56 गाणी. माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके यांच्यासारख्या गायिका त्यातून घरोघरी पोचल्या. निवेदक दरवेळी कवी, संगीतकार, गायक यांची नावं सांगायचा. रेडिओनं लावलेली ही फार मोठी सवय आहे. एक नाव कळलं की त्या नावाचं दुसरं गाणं शोधता येतं, त्यातून तिसरा कवी सापडतो. नवं संगीत शोधायचा याहून सोपा मार्ग आम्हाला तरी माहीत नाही.

1980 च्या सुमारास कॅसेट आली. तोवर तबकड्यांच्या बाजारात एकाच मोठ्या कंपनीची सद्दी होती. तबकडी काढायला भांडवल लागायचं, कॅसेट स्वस्तात निघायची. त्यामुळं छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि ज्या गाण्यांना आधी दार उघडत नव्हतं ती बाजारात आली. भीमगीतं, देवीची गाणी, कोळीगीतं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीपासून पंढरीच्या वाटेपर्यंत सगळीकडं घुमू लागला. पण कॅसेटवरून कॅसेट भरून घ्यायची सोय झाली आणि तिथं पुन्हा नावं गळाली. कोऱ्या कॅसेटवर पेननं 'लग्नाची गाणी' एवढंच लिहिलेलं असायचं.

आणि आता मोबाईल. आजवर कधी नव्हती इतकी गाणी हाताशी आहेत. पण मोबाईल काय करतो? तुम्ही जे ऐकलं त्याच वळणाची आणखी दहा गाणी पुढं करतो. जे पुष्कळ लोक ऐकतात ते आधी दाखवतो. म्हणजे निवड आपली वाटते, पण ताट दुसऱ्यानंच वाढलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या तुकड्याला तर ना नाव, ना गाव. उद्या तुमच्या गावच्या आजीची ओवी कुणी ठेक्यावर बसवली, ती गाजली, पैसे मिळाले, तर आजीला त्यातलं काय? नाव लिहिलेलंच नसेल तर हक्क कशाच्या जोरावर सांगणार?

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. गाणं आवडलं की चार गोष्टी विचारा: गायलं कुणी, लिहिलं कुणी, चाल कुणाची, कुठलं आहे. मोबाईलवर गाण्याऐवजी गाणारीचं नाव टाकून शोधा, म्हणजे पुढं वाढलेल्या ताटाबाहेरचंही हाती लागेल. शेजारच्या तालुक्यातून आलेल्या सुनेला विचारा, तुमच्याकडं हादग्याला काय म्हणतात. कामासाठी परराज्यातून आलेल्या कुटुंबातली बाई पाळणा कसा म्हणते, तेही ऐका. आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी मोबाईलमध्ये भरून घेताना आधी त्यांची परवानगी घ्या, आणि सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून नाव, गाव वदवून घ्या. गौहर जान शेवटी सांगायच्या, आपण आधी सांगू.

ही गाणी पोचवायला आता आपली जागाही आहे. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये सांगितलं. 2006 पासून सामाजिक संस्थांना रेडिओ चालवायची परवानगी मिळू लागली. 2008 मध्ये तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला आणि त्याच वर्षी साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग. सिलोनचा काटा शोधावा लागायचा. हे रेडिओ तर आपल्याच बोलीत बोलतात आणि गावातल्या बाईला माइकसमोर बसवतात.

तेव्हा पुढच्या बैठकीत हिशोबाची वही मिटल्यावर दहा मिनिटं जास्त बसा. प्रत्येकीनं एक गाणं म्हणायचं, बाकीच्यांनी न ऐकलेलं. आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचं: गाणं कोणतं, कुणी म्हटलं, तिला कुणी शिकवलं.