कोरड्या मुलखातील जहाजे



हिंगोलीच्या माणसाला जहाजाविषयी काय सांगावे, असा प्रश्न तुमच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे कयाधू आहे, पूर्णा आहे, पैनगंगा आहे. पण उन्हाळ्यात कयाधूच्या पात्रातून बैलगाडी हाकून नेणारे आपण लोक. समुद्र इथून चारशेहून अधिक किलोमीटर दूर. पुष्कळांनी तो अजून डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. तरीही आजचे दोन शब्द लाकडाच्या लहान जहाजांविषयी आहेत. घरच्या ओसरीवर बसून, पोराबाळांच्या गलक्यात, किंकरे आणि कानस घेऊन करायची हातभर लांबीची जहाजे. आणि ती आपल्याच मुलखात का करावीत, याला इतिहासाचा चांगला आधार आहे.

प्रथम हे पाहा की मराठवाडा कोरडा असला तरी जहाजाला परका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेले समुद्रप्रवासाचे एक वर्णन आहे, ‘पेरिप्लस’ नावाचे. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, ही दोन्ही गावे आली आहेत. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांच्या वाटेवर, असा हिशेब तो देतो. कापड आणि मौल्यवान दगड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदरावर जात. म्हणजे त्या जहाजाचा अर्धा प्रवास बैलांच्या खांद्यावर होत असे, असे म्हटले तरी चालेल. पुढे दुसऱ्या शतकात सातवाहनांनी नाणी पाडली, त्यांतल्या काहींवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तर भिंतीवर पुरे जहाजच रंगवलेले आहे. उंच नाळ, तीन डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडे, पुढे आणखी एक लहान शीड, बाजूला सुकाणूची वल्ही, आणि मागे मांडवाखाली ओळीने ठेवलेले रांजण. समुद्रावर पाणी पिण्याजोगे नसते; तेव्हा ते रांजण चित्रकाराने शोभेसाठी काढले असतील असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या अगदी जवळची. औंढा नागनाथच्या मंदिराला आपण हेमाडपंती म्हणतो. ते नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री देवगिरीच्या महादेव यादवाचा प्रधान. या महादेवाने तेराव्या शतकात कोकणच्या सोमेश्वर शिलाहारावर स्वारी केली आणि सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाच्या क्रोधाच्या आगीपेक्षा त्याने समुद्राचे पाणी बरे मानले, अशा अर्थाचे हेमाद्रीने लिहून ठेवले आहे. राजस्तुती म्हणून त्यातले थोडे वजा करा. तरी डोंगरातल्या देवगिरीला जहाजांची लढाई करावी लागली, एवढे उरतेच. मुंबईजवळ बोरिवलीच्या एकसर गावी वीरगळ आहेत, त्यांच्यावर वल्ह्यांच्या जहाजांची रांगच्या रांग कोरलेली आहे. काही अभ्यासक ती याच लढाईशी जोडतात.

आता मुख्य विषयाकडे येऊ.

शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत जहाजे बांधायला काढली. सुरुवातीला रुइ लैतांव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीज कारागिराच्या हाताखाली बरीच माणसे कामाला होती. ही जहाजे उद्या आपल्यावरच उलटतील अशी धास्ती वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना पडली. त्यांनी १६५९ साली या लोकांना फितवले आणि ते काम टाकून निघून गेले. पण आरमार थांबले नाही. आपल्याकडचे सुतार, लोहार, कोळी, भंडारी यांनी ते पुढे नेले. वीस वर्षांनी, १६७९ साली, खांदेरी बेटाजवळ इंग्रजांची मोठी जहाजे आणि मराठ्यांची लहान गलबते समोरासमोर आली. इंग्रजांच्या जहाजांना खोल पाणी लागे आणि वारा लागे. मराठ्यांची गलबते वारा पडला की वल्ह्यांवर चालत आणि उथळ खाडीत शिरून दिसेनाशी होत. त्या ऑक्टोबरात ‘डव्ह’ नावाचे इंग्रजी जहाज मराठ्यांनी पकडलेसुद्धा.

ही जहाजे होती तरी कशी? इथेच खरी अडचण आहे, आणि म्हणूनच हातभर लांबीच्या जहाजाची गरज आहे. शिवकालातली किंवा आंग्र्यांच्या काळातली एकही गुराब आज कुठे उभी नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आरमार पेशव्यांशी संधान बांधून विजयदुर्गावर चालून आले. तुळाजी आंग्र्याने पूर्वी इंग्रजांकडून घेतलेल्या एका जहाजावर तोफेचा गोळा पडला, ते पेटले, आणि त्याची आग लागून सगळे आरमार तासाभरात राख झाले. लढाया आपण पाठ करतो. पण त्या दिवशी तीन पिढ्यांचे सुतारकाम जळाले, हे शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. आमचे सुतार कागदावर नकाशा काढून बांधत नसत. माप डोळ्यांत आणि हातांत. जहाज जळाले की नकाशाही त्याच्याबरोबर गेला.

मग उरले काय? शत्रूने लिहिलेले वर्णन. रॉबर्ट ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली छापलेल्या ग्रंथात गुराब आणि गलबत यांची इतकी नेमकी माहिती दिली आहे की तीवरून सुताराला काम सुरू करता यावे. तो सांगतो, गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली दीडशेच्या आत. पाण्यात फार खोल न बसणारी, लांबीच्या मानाने चांगली रुंद, पण मध्यापासून टोकाकडे निमुळती. पुढचे नाक पाण्यावर लांब पुढे आलेले. आणि त्या नाकावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत तसेच, पण लहान. मोठ्यात मोठे ७० टनांचे. दोन डोलकाठ्या, त्यांतली मागची अगदी बारीक. पुढचीवर एकच मोठे तिकोनी शीड, ज्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाते. चाळीस-पन्नास वल्ही. आणि लहान गलबताचा वरचा तक्ता कशाचा? चिरलेल्या बांबूचा! वजन कमी राहावे म्हणून. हे वाचून मला फार आनंद झाला, कारण बांबू चिरायला आपल्या बुरूड बांधवांइतका वाकबगार कोण आहे?

आता दिवाळीच्या दिवसांत पुण्या-साताऱ्याकडे मुले मातीचे किल्ले करतात ते आठवा. हल्ली आपल्याकडेही शाळांतून करतात. सिंधुदुर्ग करतात, जंजिरा करतात, आणि शेजारी निळ्या कागदाच्या समुद्रात जहाज कोणते सोडतात? वर्तमानपत्राची होडी, नाहीतर चित्रात पाहिलेले तीन मजल्यांचे विलायती जहाज. मुलाच्या मनात तेच बसते. मराठ्यांचे आरमार म्हणजे इंग्रजांच्याच जहाजांवर दुसरे निशाण, असा त्याचा समज होतो. आणि ती लहान, उथळ, चपळ गलबते, जी त्या लढाईचे खरे मर्म होती, ती त्याला कधी दिसतच नाहीत. शिक्षकांनी फळ्यावर दहा वेळा सांगून जे कळणार नाही, ते एक गलबत टेबलावर ठेवले की कळते. दोन्ही जहाजे पाण्याच्या परातीत ठेवा, परातीत एका बाजूला वाळूचा उतार करा, आणि कोणते आधी अडकते ते मुलांनाच सांगू द्या.

लहान नमुना करणे हा पोरखेळ आहे असे कोणी म्हणेल. तर ऐका. विलायतेत सतराव्या शतकापासून मोठ्या जहाजांचे लाकडी नमुने करीत, एका फुटाला पाव इंच या प्रमाणाने. आणि अगदी अलीकडची गोष्ट. आपल्या नौदलाने अजिंठ्याच्या चित्रावरून, खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, सुमारे २० मीटर लांबीचे एक जहाज गोव्यात बांधवून घेतले. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला त्याचे नाव ‘कौंडिण्य’ ठेवले. भिंतीवरच्या चित्राला मापे कुठली? तेव्हा आधी त्याचा लहान नमुना मद्रासच्या आय.आय.टी.त पाण्यात तपासून पाहिला आणि मग मोठे जहाज बांधले. मराठवाड्यातल्या भिंतीवरून ते असे पुन्हा पाण्यात उतरले.

या धंद्यात घर आणि काम कसे एकत्र नांदते, हे पाहायचे तर मुंबईच्या वाडिया घराण्याकडे पाहावे. लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आला. त्याने आपल्या नातवांना, फ्रामजी आणि जमशेदजी यांना, गादीवर बसवले नाही. गोदीत साध्या सुतारांबरोबर हत्यार धरायला लावले. त्याच जमशेदजी बमनजीच्या देखरेखीखाली १८१७ साली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे, दोनशे वर्षांनंतर. तिची लांबी सुमारे १५० फूट. फुटाला पाव इंच धरा, म्हणजे तुमचा नमुना तीन फुटांहून थोडा मोठा होईल. पण पहिल्याच खेपेला त्रिंकोमालीला हात घालू नका. तिच्या दोऱ्या बांधता बांधताच वर्ष निघून जाईल आणि घरातली माणसे कंटाळतील.

घरातली माणसे हा या छंदातला मोठा प्रश्न आहे, बरं का. ओसरीवर लाकडाचा भुसा पडतो, धाकटे पोर किंकरे उचलते, सरस चुलीवर उतू जातो, आणि मग घरधनीण म्हणते की याच्यापेक्षा मोडकी बाज दुरुस्त केली असती तर बरे झाले असते. तिचे काही चुकत नाही. आधी बाज दुरुस्त करा. मग तिच्याकडून जुन्या धोतराचा तुकडा मागून घ्या आणि शीड तिलाच शिवायला सांगा. तिकोनी शिडाची किनार दुमडणे हे पुरुषांच्या हातून नीट होत नाही असा माझा अनुभव आहे. आजोबांना सूत वळायला द्या. शाळकरी मुलीला माप मोजायला बसवा. प्रमाणाचे गणित तिला तिथे जितके चटकन कळेल तितके पाटीवर कळणार नाही. पोळा होऊन गेल्यावर, पिके उभी असतात आणि संध्याकाळी थोडी सवड असते, तो काळ या कामाला चांगला.

लाकूड पांगाऱ्याचे घ्यावे. सावंतवाडीची खेळणी करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या हेच लाकूड वापरत आले; हलके असते आणि चाकूला मऊ लागते. एक फूट लांबीचा ठोकळा घ्या. रुंदी लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडी कमी ठेवा, असे मी सुचवीन. गावात सुतार असेल तर ठोकळा घेऊन त्याच्याकडे जा. लोखंडी नांगर आला, ट्रॅक्टर आला, रबरी चाकांची गाडी आली, आणि तिफणी-वखरे करणाऱ्या त्या हातांना आज काम उरलेले नाही. पण चाकाच्या तुंब्यात आरे बसवणाऱ्या माणसाला गलबताचा बाक शिकवावा लागत नाही. वाकसाचे चार घाव तो अशा जागी घालील की तुमचे दोन दिवसांचे काम वाचेल. त्याला गुरुजी म्हणून शाळेत बोलवा, मजूर म्हणून नव्हे. मुलांसमोर त्याला खुर्ची द्या.

आणि आपसांत एक पथ्य पाळा. कोणाचे गलबत कलंडले, कोणाची डोलकाठी तिरकी झाली, तर हसू नका. वसमतच्या गुरुजींनी केलेले गलबत कळमनुरीच्या गुरुजींनी पाहावे, सेनगावच्या मुलांनी आपले घेऊन यावे; केंद्राची बैठक असते तेव्हा कपाटावर चार गलबते मांडून ठेवायला काय हरकत आहे? दुसऱ्याने कोठे अडखळले आणि त्यातून वाट कशी काढली, एवढे ऐकले तरी नवशिक्याचा धीर टिकतो. नाक मुरडणारा एक माणूस दहा जणांची हौस मारतो, हे मी अनेक छंदांत पाहिले आहे.

गलबत कलंडते ते बहुधा डोलकाठी उंच झाल्यामुळे, किंवा पोट पुरेसे न कोरल्यामुळे. आधी पोट आणखी कोरा. तरीही झुकले तर तळाशी, अगदी मधल्या रेषेवर, शिशाची पातळ पट्टी बसवा. मासे धरण्याच्या जाळ्याला लावतात तसले शिसे भोई बांधवांकडे मिळेल. फटीत कापूस आणि वर मेण. मग ते घंगाळात सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी आत पाणी दिसले तर बाहेर काढून सावलीत सुकवा, उन्हात नको, पांगारा तडकतो. पाणी नसेल तर वल्ही बसवायला घ्या: एका बाजूला वीस, दुसऱ्या बाजूला वीस, बांबूच्या काड्यांची, आणि सगळी एका लांबीची.