दुरुस्तीची सोय नसलेले बीजक

जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस एपीआयमध्ये बीजक नोंदवता येते, रद्द करता येते, त्याचा तपशील मागवता येतो. नोंदलेले बीजक बदलण्याची सोय मात्र त्यात नाही. ती राहून गेली की मुद्दाम ठेवली नाही? कागद तारीखवार लावले की उत्तर बरेचसे हाती लागते.

२० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात भरलेल्या जीएसटी परिषदेच्या ३७व्या बैठकीत ई-इन्व्हॉइसचा नमुना मंजूर झाला. १३ डिसेंबरच्या अधिसूचनेने नियम ४८मध्ये त्यासाठी नवे पोटनियम घातले. अंमल १ एप्रिल २०२०पासून व्हायचा, तो १ ऑक्टोबरवर गेला. सुरुवात ५०० कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांपासून झाली.

प्रत्येक बीजकाला बीजक-नोंदणी पोर्टल ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बीजकाचा संदर्भ क्रमांक, देते. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक या चार गोष्टींवरून तो निघतो. म्हणून रद्द केलेल्या बीजकाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. दुरुस्ती नसण्याचे कारणही हेच असावे असे वाटते. पण ते पुरे पडत नाही. या चारांत रक्कम नाही, म्हणजे रक्कम बदलूनही आयआरएन तोच राहिला असता.

क्यूआर कोडमध्ये मात्र रक्कम आहे, आणि त्यावर पोर्टलची डिजिटल सही आहे. तो छापलेले बीजक ग्राहकाकडे गेल्यावर पोर्टलवरचा आकडा बदलला, तर एकाच आयआरएनची दोन बीजके फिरू लागतील.

रद्द करायला २४ तासांची मुदत आहे. नंतरच्या चुकीला जीएसटीआर-१मध्ये दुरुस्ती आहे, पण ती विवरणपत्रातली. पोर्टलवरचे बीजक जसेच्या तसे राहते. रक्कम जास्त लागली असेल तर क्रेडिट नोट. तिची तरतूद २०१७च्या कायद्यातच, कलम ३४मध्ये आहे, म्हणजे एपीआयच्या आधीची.

यावरून इतके अनुमान काढता येते: सोय राहून गेलेली नाही. खाडाखोड न करता दुसरा कागद जोडायचा, ही कायद्यातली रीत एपीआयने उचलली. त्यामुळे बिलिंगच्या पडद्यावर ‘बदला’ असे बटण असले, तरी त्यामागे पहिल्या दिवशी ‘रद्द करा, नव्या क्रमांकाने काढा’ आणि पुढे ‘नोट जोडा’ हेच लिहावे लागते.