मनसब आणि मुन्सफ

निजामाच्या राज्यात तालुक्याच्या गावी दिवाणी दावे ऐकणाऱ्या न्यायाधीशाला 'मुन्सफ' म्हणत. हिंगोलीही त्याच राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली परभणीपासून वेगळा जिल्हा झाला. या काळात कचेऱ्यांची भाषा बदलली, पाट्या बदलल्या, पण जुन्या माणसांच्या बोलण्यात मुन्सफ बराच काळ टिकून राहिला. हा शब्द अरबी लिपीत लिहून पाहावा: मीम, नून, साद, फे. आता शेवटचा फे काढून तिथे बे लिहावा. लगेच 'मनसब' होतो. ऱ्हस्व स्वर त्या लिपीत सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे 'मुन्'चा 'मन्' झाला तरी कागदावर काही दिसत नाही. न्याय करणारा आणि सत्तेचे पद, या दोघांत कागदावर एवढे एकच अक्षर उभे आहे.

दोन्ही शब्दांचे धातू मात्र वेगळे. मुन्सफाचा धातू न-स-फ. 'निस्फ' म्हणजे अर्धा. त्यावरून 'इन्साफ', म्हणजे मुळात दोन सारखे भाग करणे, दोघांच्या पदरात सारखे घालणे. आणि ते करतो तो मुन्सफ. मनसबेचा धातू न-स-ब, अर्थ उभे करणे, रोवणे, मांडणे. मनसब म्हणजे जिथे माणसाला उभे केले जाते ती जागा, म्हणून पद, दर्जा. मोगल दरबारात 'जात' आणि 'सवार' या आकड्यांत जिचे मोजमाप होई ती हीच. याच धातूचे दुसरे अपत्य आपल्या तोंडी रोज असते आणि त्याचे गोत्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: 'नशीब'. ज्याच्या-त्याच्यासाठी मांडून ठेवलेला वाटा, असा त्याचा मूळ अर्थ असावा. इथे एक सावधगिरी हवी. 'निसबत'सुद्धा याच घरातली वाटते, पण तिचा स 'सीन'चा आहे, 'साद'चा नव्हे. मराठीने दोन्ही स एकच केल्यामुळे हा भास होतो.

या कुळातला तिसरा शब्द 'मनसुबा'. याच्यावर माझा विशेष लोभ आहे. अरबीत 'मन्सूबा' म्हणजे मांडलेली गोष्ट, आणि मध्ययुगीन बुद्धिबळात त्याला एक नेमका पारिभाषिक अर्थ होता: पटावर मोहरी विशिष्ट तऱ्हेने मांडून 'आता मात करून दाखवा' असे घातलेले कोडे. त्यांतले 'दिलाराम'चे कोडे विख्यात आहे. एका सरदाराने डावावर आपली प्रिया लावली, आणि हरण्याच्या बेतात असताना तिनेच पडद्याआडून सुचवले, दोन्ही रुख बळी दे पण मला देऊ नकोस. तिथून हा शब्द फारसीत 'बेत, योजना' या अर्थाला आला आणि फारसीतून मराठीत. मराठी कानाला मात्र त्यात 'मन' ऐकू आले असावे. म्हणून आपले मनसुबे 'मनातल्या मनात' असतात. मोहरी पटावरून उठून आत गेली. तरीही क्रियापद जुनेच राहिलेले दिसते, कारण मनसुबा आपण 'करतो' त्याहून अधिक 'रचतो'. मांडणीचा मूळ अर्थ त्या 'रचणे'त शाबूत आहे.

मराठी इतिहासात या शब्दाला सर्वांत चपखल बसणारा माणूस म्हणजे रघुनाथराव. मनसब, नशीब आणि मनसुबा ही तिन्ही भावंडे त्याच्या आयुष्यात एकमेकांशी भांडत राहिली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपदातल्या गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा वध झाला. चुलत्याने, म्हणजे रघुनाथरावाने, पुतण्याला 'धरावे' असे लिहिले आणि त्याची बायको आनंदीबाई हिने 'ध'चा 'मा' केला, ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. इतिहासकारांनी तिच्याबद्दल शंकाच घेतली आहे. पण शब्दांच्या अभ्यासकाला या कथेचा मोह सोडवत नाही, कारण लोकस्मृतीने सत्तेचा सगळा अपराध एका अक्षरात साठवला. आनंदीबाईच्या हातून तो घडला असो वा नसो, 'ध'चा 'मा' करणे म्हणजे कागद तोच ठेवून त्याचा अर्थ उलटवणे, हा वाक्प्रचार भाषेत कायमचा बसला.

ज्यांनी वध केला ते 'गारदी'. सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या. हा शब्द युरोपीय 'गार्द' म्हणजे पहारेकरी यावरून आलेला दिसतो. फ्रेंचांकडून की पोर्तुगिजांकडून हा वाद ठेवला तरी वाट बहुधा दक्षिणेतल्या फ्रेंच कवायती पलटणींची. पानिपतावर पडलेला इब्राहिमखान गारदी मराठ्यांकडे येण्याआधी निजामाच्याच चाकरीत होता. म्हणजे शब्द आणि माणूस दोघे एकाच दिशेने पुण्यात आले असावेत. आणि 'गर्दी'? ती गारद्यांची कोणी नव्हे. फारसी 'गर्द' म्हणजे धूळ. 'गर्दीस मिळवणे' म्हणजे धुळीला मिळवणे. पानिपतानंतरची 'भाऊगर्दी' म्हणजे भाऊसाहेबांच्या काळी झालेला नाश. आज बसस्थानकावर जी असते ती गर्दी अर्थाने निवळत आली आहे. १७७३ साली मात्र गारदी आणि गर्दी यांचा उच्चार एका दमात करताना पुणेकरांना नात्याचा भास झाला असेल, तर त्यात नवल नाही.

यानंतर माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. ते पेशव्यांचे न्यायाधीश होते. चौकशीअंती त्यांनी आता पेशवा झालेल्या रघुनाथरावाला दोषी ठरवले, त्याच्या तोंडावर 'देहान्त प्रायश्चित्त' सांगितले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. या प्रसंगाची निर्भयता सगळेच सांगतात. मला शब्द अडवून धरतो. त्यांनी 'शिक्षा' म्हटले नाही, 'दंड' म्हटले नाही, 'प्रायश्चित्त' म्हटले. दंड देण्याचा अधिकार धर्मशास्त्रात राजाचा. ज्याच्या हाती दंड तोच अपराधी असेल तर न्यायाधीशाने कोणाच्या नावाने दंड द्यावा? प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे असते. म्हणजे रामशास्त्र्यांनी पेशव्याला पेशवेपणातून बाहेर काढून एका पापी माणसाच्या जागी उभे केले, आणि तेही एका शब्दाच्या निवडीने. ही निवड सहज झालेली नसावी. काशीला शिकलेल्या शास्त्र्याच्या तोंडून तो शब्द तोलूनच आला असणार.

खुद्द 'प्रायश्चित्त' शब्दाची फोड मोठी मनोरंजक आहे. स्मृतिकार 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय अशी करतात. पण 'प्राय' हा 'प्र + इ', पुढे निघून जाणे, यावरूनही येतो; प्रायोपवेशनात तोच आहे, तिथे त्याचा अर्थ देह सोडून जाणे. म्हणजे 'देहान्त' आणि 'प्राय' एकमेकांच्या फार जवळ आले.

हा 'इ' धातू, जाणे, आपल्याला थेट लंडनला नेतो. आठव्या हेन्रीच्या दरबारात महत्त्वाकांक्षेसाठी जो शब्द रुळला, 'ॲम्बिशन', त्याचे लॅटिन मूळ 'अम्बि + इरे'. 'अम्बि' आपल्या 'अभि'चे, 'अभितः'चे भावंड, म्हणजे सभोवती. आणि 'इरे'त हाच 'इ'. रोममध्ये निवडणुकीला उभा असलेला माणूस मते मागत चहूकडे फिरे, ती ही फेरी. मते विकत घेण्याच्या गुन्ह्याला तिथे 'अम्बितुस' असे नावच होते. एकाच धातूला एक उपसर्ग लागला तर मते मागायची फेरी, दुसरा लागला तर देह सोडून जाण्याची वाट.

त्या दरबारातली समोरची बाजू टॉमस मोरची. १५२९ ते १५३२ तो इंग्लंडचा चॅन्सेलर होता. हेन्रीला पहिली राणी कॅथरिन सोडायची होती, त्यासाठी पोपची सत्ता मोडायची होती. मोरने पद सोडले, १५३४ मध्ये राजाने मागितलेली शपथ घ्यायला नकार दिला आणि ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. टॉवरच्या कैदेतून लिहिलेल्या पत्रांत तो पुन्हापुन्हा 'कॉन्शन्स'कडे वळतो. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हेन्रीही हाच शब्द वापरत होता. भावाच्या विधवेशी लग्न केले म्हणून आपले 'कॉन्शन्स' आपल्याला टोचते, असे राजाचे म्हणणे. एकाच शब्दाचे दोन दावेदार! लॅटिनमध्ये 'कोन + स्किएन्तिया', सह-ज्ञान; रचनेने अगदी आपल्या 'संविद्'सारखा. आणि 'स्किरे', जाणणे, याचा त्याहून जुना अर्थ कापणे, वेगळे करणे असा असावा; संस्कृत 'छिद्'च्या गणगोतात तो जाऊन बसतो.

आता आपला 'विवेक' पाहा. 'वि + विच्', वेगळे करणे, पाखडून धान्य आणि कोंडा दोन बाजूंना टाकणे. आपले 'वेचणे' 'विच्'कडून आले की 'वि + चि'कडून, यावर वाद घालता येईल. अर्थ दोन्हीकडे शोभतो. लॅटिन कापते, संस्कृत पाखडते, अरबी अर्धे करते. अंतःकरणातल्या या शक्तीला तिन्ही भाषांनी एकच काम दिले, वेगळे करण्याचे. सत्तेच्या इच्छेला मात्र अरबीने रचण्याचे काम दिले, रोमने फिरण्याचे. मनसुबा जोडत जातो आणि विवेक तोडत जातो, असे या धातूंकडे पाहताना दिसते.

दरबारापुढे न झुकलेल्या माणसासाठी हिंगोलीला इंग्लंडात जावे लागत नाही. नरसी याच जिल्ह्यात आहे, आणि परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान ते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या भैरव रागातल्या एका पदात सुलतान त्यांना बांधून आणवतो आणि मेलेली गाय जिवंत करायला फर्मावतो. आई रडत विनवते, राम सोड, खुदा म्हण. नामदेव आईचेही ऐकत नाहीत. मोरलाही त्याच्या बायकोने कैदेत अशीच गळ घातली होती. शब्दांच्या दृष्टीने मला तिलंग रागातले दुसरे पद अधिक मोलाचे वाटते. तिथे नामदेव देवाला 'खुंदकार' म्हणतात. हा फारसी 'खुदावंदगार'चा आटलेला उच्चार दिसतो, अर्थ स्वामी, सत्ताधीश. उस्मानी तुर्कांच्या सुलतानांना 'हुन्कार' म्हणत तो हाच. सुलतानाची पदवी सुलतानाच्या भाषेतूनच उचलून नामदेवांनी ती विठ्ठलाला दिली. 'दरबार' शब्दातला 'दर' म्हणजे आपले दार, संस्कृत द्वार, आणि 'बार' म्हणजे आत येण्याची मुभा. पंढरपूरच्या महाद्वारातली नामदेव पायरी ज्याला ठाऊक आहे त्याला ही व्युत्पत्ती समजावून सांगायला नको.

पुन्हा पुण्याला येऊ. रघुनाथराव मोहिमेवर गेला असता नाना फडणीस, सखारामबापू आणि मंडळींनी नारायणरावाची विधवा गंगाबाई हिच्या पोटी येणाऱ्या मुलासाठी कारभार हाती घेतला. हे 'बारभाईंचे कारस्थान'. कारस्थान हा शब्द शुद्ध संस्कृत वाटतो, पण तो फारसी 'कारिस्तान' असावा, मोठे काम किंवा कामाची जागा. 'स्तान' आणि 'स्थान' मुळात भाऊ असल्यामुळे मराठीत ही अदलाबदल अलगद झाली. त्या काळी त्याचा अर्थ राजकारणातली मोठी उलाढाल, आणि त्यात बदनामी नव्हती. मसलतही अशीच. तिचा स-ल-ह धातू हित, भले असा. 'सल्ला' त्याच घरातला. मुत्सद्दी म्हणजे मुळात एखादे काम अंगावर घेणारा कारकून-अधिकारी. फडणीस म्हणजे बहुधा 'फर्द-नवीस', याद्या लिहिणारा. कारकुनीचे हे शब्द सत्तेच्या शिखरावर चढले, आणि कारस्थान त्याच वाटेने खाली घसरले. आज कारस्थान करणारा कोणाला आवडत नाही. मात्र 'बारभाईंचे' म्हटले की शब्द पुन्हा जुन्या मानाने उभा राहतो. आणि हेही विसरू नये की रामशास्त्री परतले ते याच कारस्थान्यांच्या राज्यात, आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यायासनावर राहिले.

'महत्त्वाकांक्षा' हा शब्द या सगळ्यांपुढे कालचा दिसतो. इंग्रजीला उत्तर म्हणून एकोणिसाव्या शतकात घडवलेला असावा. त्यातली 'आकांक्षा' मात्र शास्त्र्यांच्या ओळखीची होती. न्याय-मीमांसेत एका पदाला अर्थ पुरा होण्यासाठी दुसऱ्या पदाची जी अपेक्षा राहते ती आकांक्षा. पेशवाईत पदाची आशा धरून विनावेतन काम करणारा तो 'उमेदवार', फारसी 'उमेद' म्हणजे आशा. आज उमेदवार मते मागत फिरतो, म्हणजे रोमन 'अम्बि + इरे' अक्षरशः करतो. आणि ज्यासाठी फिरतो तिला मराठीने नाव दिले 'निवडणूक'. त्यात 'निवडणे' आहे, डाळीतला खडा बाजूला काढणे, 'विवेक'चेच देशी रूप. त्याच निवडण्यातून न्यायाधीशाचा 'निवाडा' निघाला. मराठीत मनसब मिळवण्याच्या वाटेला आणि मुन्सफाच्या निकालाला एकाच क्रियापदापासून नावे मिळाली आहेत, आणि हे जाणूनबुजून कोणी केले असेल असे दिसत नाही.