मूळ घर आणि उत्तरेचे हिम

कमलनगर, औराद, भालकी या पट्ट्यातील जुन्या मराठी घरांत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो : आपले मूळ गाव कोणते? कोणी कुलदैवतावरून उत्तर शोधतो, कोणी आडनावावरून. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमा बदलल्या, प्रश्न राहिला. हाच प्रश्न फार मोठ्या पटावर मांडणारा पुरुष मराठी मुलुखातच होऊन गेला.

लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली. तुरुंगात मॅक्समुल्लर यांनी पाठवलेली ऋग्वेदाची प्रत त्यांच्या हाती आली. १८९८ अखेर पहिला खर्डा तयार झाला आणि १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. तैत्तिरीय संहितेतील तीस उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस आणि तेवढीच रात्र, न संपणारा अंधार ओलांडून जाण्याची ऋषींची आर्त प्रार्थना, हे सारे ध्रुवप्रदेशातील प्रत्यक्ष वास्तव्याची आठवण होय, असा त्यांचा सिद्धांत. टिळक तिकडे कधी गेले नाहीत. त्यांची ती यात्रा केवळ शब्दांतून झाली.

आज त्या प्रदेशाचे दर्शन घ्यावयाचे तर ईशान्य ग्रीनलंडचे राष्ट्रीय उद्यान डोळ्यांपुढे आणावे. १९७४ मध्ये स्थापन झालेले व १९८८ मध्ये विस्तारलेले हे उद्यान ९,७२,००० चौरस किलोमीटरांचे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठे आहे. तेथे कायमची वस्ती नाही. काही संशोधन व हवामान केंद्रे आणि कुत्र्यांच्या गाड्यांवरून जोडीजोडीने गस्त घालणारे डेन्मार्कचे ‘सिरियस’ पथक, एवढीच माणसांची चाहूल. बाकी कस्तुरी बैल, ध्रुवीय अस्वले आणि बर्फ. परवानगीवाचून प्रवेश नाही. उत्तर टोकाला चार महिन्यांहून अधिक काळ सूर्य उगवत नाही. तो परतण्यापूर्वी क्षितिजावर दिवसेंदिवस संधिप्रकाश फिरत राहतो. टिळकांची दीर्घ उषा तेथे खरोखर आहे.

पण तेथे राहिले कोण? १९४८ मध्ये डॅनिश संशोधक आयगिल क्नुथ यांना उत्तर टोकाच्या पिअरीलँडमध्ये दगडांत बांधलेल्या चुली आणि बारीक दगडी हत्यारे सापडली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही माणसे कस्तुरी बैलांच्या शिकारीवर आणि वाहून आलेल्या लाकडाच्या जाळावर ती दीर्घ रात्र काढीत. ती पश्चिमेकडून, कॅनडा-अलास्काच्या बाजूने आली होती. वेदांशी त्यांचा संबंध नव्हता. १८२३ मध्ये कप्तान क्लेव्हरिंग यांना याच किनाऱ्यावर बारा इन्युइट भेटले. बंदुकीचा बार ऐकून ते काही दिवसांत निघून गेले, आणि त्यानंतर तेथे त्यांच्यापैकी कोणी कोणास दिसले नाही.

टिळकांचा सिद्धांत आज संशोधक स्वीकारीत नाहीत. हिमयुगापूर्वी ध्रुवप्रदेश सौम्य होता आणि तेथे आर्य नांदत होते, यास भूशास्त्र व पुरातत्त्व आधार देत नाही. त्यांच्या हयातीतच, १९१५ मध्ये, पुण्याच्या नारायण भवानराव पावगी यांनी सप्तसिंधू हेच आर्यांचे मूळस्थान, असा प्रतिपक्ष इंग्रजी ग्रंथातून मांडला होता. तोही वाद आता इतिहासजमा झाला.

तरीही टिळकांचा ग्रंथ व्यर्थ म्हणवत नाही. मंत्रांतील शब्दांना पुरावा मानून त्यांची कसून उलटतपासणी करण्याचे धैर्य त्यात आहे. उणीव एवढीच, की ‘आपले मूळ घर’ म्हणताना तेथे प्रत्यक्ष चूल पेटविणाऱ्यांचा विचार त्यात आला नाही.

आपल्या पट्ट्यालाही हे लागू आहे. आपले पूर्वज कोठून आले याचा शोध अवश्य घ्यावा. पण ज्या गावात आपली चूल पेटते, तेथे आपल्याआधी कोणाच्या चुली होत्या आणि आज शेजारी कोणाची आहे, हेही विचारावे. मूळ घराचा इतिहास या दोन प्रश्नांवाचून अपुराच राहतो.